ट्राउटची पैदास: मिल्ट मिसळावं, जोड्या लावाव्यात की ओळी फिरवाव्यात?

टाकीत शंभर प्रजनक ट्राउट आहेत म्हणून पुढच्या पिढीत शंभरांचा वारसा उतरेलच असं नाही. नर किती वापरले यावर बरंच ठरतं. 90 माद्या आणि 10 नर असतील तर परिणामकारक संख्या, म्हणजे वारशाच्या हिशेबात खरोखर धरता येतील एवढे मासे, (4 × 90 × 10 ÷ 100) भरते जेमतेम 36, आणि अंतःप्रजनन (नात्यातल्या माशांचा संकर) दर पिढीला सुमारे 1.4 टक्क्यांनी वाढतं. 50-50 ठेवले तर संख्या 100, वाढ अर्धा टक्का. नर खाद्य खातात, अंडी देत नाहीत, म्हणून खर्चाला कात्री लागते ती आधी त्यांनाच. पद्धत कोणतीही घ्या, ही कात्री पहिल्यांदा थांबवा.

सगळ्यात सोपं म्हणजे अनेक नरांचं मिल्ट (वीर्य) एकत्र करून अंड्यांवर ओतणं. वेळ वाचतो, एखादा नर नापीक निघाला तरी अंडी वाया जात नाहीत. पण पाणी लागल्यावर ट्राउटचे शुक्राणू फार तर मिनिटभर वळवळतात. तेवढ्यात एक-दोन तगडे नर बहुतेक अंडी पटकावू शकतात. वहीत दहा बाप, पिल्लांत दोन-तीनच. वैविध्य जपायचं असेल तर ही पद्धत मी बादच करेन.

एका मादीला एक नर दिला की बाप नक्की ठरतो. फक्त तो नापीक निघाला तर त्या मादीची सगळी अंडी गेली, आणि मादी तयार व्हायला साधारण तीन वर्षं लागलेली असतात. म्हणून माझं मत वाट्यांच्या पद्धतीला: एकेका मादीची अंडी तीन-चार कोरड्या वाट्यांत विभागा, प्रत्येक वाटीला वेगळा नर, मग पाणी, आणि दोन-तीन मिनिटांनी सगळं एकत्र. माशाचं पोट आधी टॉवेलनं टिपून घ्या. पाण्याचा ओघळ आधीच वाटीत पडला तर शुक्राणूंची घाई नको तेव्हा सुरू होते. काम किचकट आहे, माणसंही जास्त लागतात. पुढच्या प्रजनकांसाठी प्रत्येक कुटुंबातून सारखीच पिल्लं ठेवलीत तर परिणामकारक संख्या जवळपास दुप्पट होते, आणि त्यासाठी खर्च जवळजवळ काहीच नाही.

मासे खाण्यासाठीच विकायचे असतील तर तीन ओळींचं (वेगळ्या ठेवलेल्या गटांचं) चक्र पुरतं: अ ओळीचे नर ब च्या माद्यांना, ब चे क ला, क चे अ ला. टाक्या वेगळ्या हव्यात, पर कापून खूण हवी. यानं अंतःप्रजनन लांबणीवर पडतं, नवं वैविध्य मात्र येत नाही.

मासे नदीत सोडायचे असतील तर गणित वेगळं. ओरेगॉनमधल्या हूड नदीच्या स्टीलहेडवर (समुद्रात जाऊन नदीत परतणारा ट्राउट) 2007 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बंदिस्त वाढीच्या दर पिढीमागे नदीतली प्रजननक्षमता सुमारे 40 टक्क्यांनी घटलेली दिसली. इथं पिढ्यानपिढ्या हॅचरीतच वाढलेला साठा नको. त्याच नदीतले प्रजनक दरवर्षी आणा, वाट्यांची पद्धत वापरा, आणि अंडी हंगामभर थोडी थोडी घ्या. सुरुवातीच्याच माद्यांवर कोटा भागवलात तर काही पिढ्यांत सगळा साठाच लवकर अंडी द्यायला लागतो.