पाहुण्यांसमोर कविता: आग्रह की सवड?

पाहुण्यांसमोर ‘कविता म्हणून दाखव’ असा आग्रह धरला की मुलाची भीड चेपते, असे अनेक घरांत मानले जाते; प्रत्यक्षात मूल आईच्या मागे लपते, मोठी माणसे विषय सोडून देतात आणि टाळल्याने सुटका होते एवढेच ते शिकते. याउलट आधी आजीसमोर, मग एका मित्रासमोर, नंतर चार जणांत असे पायरीपायरीने नेल्यास वेळ लागतो, परंतु भीती आपोआप ओसरते हा अनुभव मुलाला प्रत्येक टप्प्यावर मिळतो. मला हाच मार्ग निःसंशय उजवा वाटतो. एकांतात रमणाऱ्या, पण लोकांना न घाबरणाऱ्या मुलाला मात्र दोन्हींची गरज नसते. घरी मोकळेपणाने बोलणारे मूल शाळेत महिनाभराहून अधिक काळ (प्रवेशानंतरचा पहिला महिना वगळून) गप्पच राहिल्यास बालमानसतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा.