कॅलिपरचा जुना पिस्टन स्वच्छ करून बसवावा, की नवा घ्यावा?

डिस्क ब्रेकच्या कॅलिपरमधला पिस्टन ब्रेक ऑइलच्या दाबाने पॅड चकतीवर दाबतो आणि त्याच्याभोवतीचे रबरी सील ते ऑइल अडवते. हे सील बदलण्यासाठी कॅलिपर उघडला, की पिस्टन हातात येतो आणि हाच पुन्हा बसवायचा की नवा आणायचा, हे लगेच ठरवावे लागते. मी मोटारसायकलच्या पुढच्या कॅलिपरला जुने पिस्टन स्वच्छ करून वापरले आहेत आणि घरच्या कारला नवे बसवले आहेत. येथे क्रोम केलेल्या पोलादी पिस्टनांचाच विचार करतो. फिनॉलिक, म्हणजे कडक प्लास्टिकसारख्या पिस्टनला गंज चढत नाही, मात्र त्याची कड उडालेली किंवा तडा गेलेला दिसला तर तो बाद करावा.

जुन्या पिस्टनच्या बाजूने सांगण्यासारखे बरेच आहे. तो मूळ कंपनीचा असतो, मापाची शंका नसते आणि खर्च केवळ सील किटचा येतो. ब्रेक क्लीनर आणि नायलॉनची मऊ घासणी पुरेशी होते. पेट्रोल किंवा डिझेल वापरू नये, कारण त्याच्या अंशानेही सीलचे रबर फुगते. डस्ट बूट, म्हणजे धूळ अडवणारे बाहेरचे रबरी आवरण, पिस्टनवरच्या ज्या खाचेत बसते, त्या खाचेतील कडक झालेला थर काढायला वेळ लागतो, पण तेथे घाई करू नये. पॉलिश पेपरचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा, कारण क्रोमचा मुलामा अतिशय पातळ असतो आणि तो एकदा घासला गेला की पिस्टन संपला. त्यानंतर पिस्टन उजेडात तिरका धरून फिरवावा आणि सर्व बाजूंनी नख फिरवावे. नख कोठेही अडकले नाही, तर तो वापरण्याजोगा आहे असे सर्वसाधारणपणे मानले जाते.

माझे मत बदलले ते या नखाला न सापडणाऱ्या दोषामुळे. माझी मोटारसायकल वरळीला समुद्राच्या बाजूला उघड्यावर उभी असते. तिचा पिस्टन पुसल्यावर अगदी चकचकीत दिसत होता, परंतु पावसाळ्यातल्या दमट हवेत रात्रभर कोरडा ठेवला, तर सकाळी खाचेच्या थोडे खाली टाचणीच्या टोकाएवढे तांबूस ठिपके पुन्हा उमटत. ते पुसले जात, आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी परत येत. याचा अर्थ क्रोमला सूक्ष्म छिद्रे पडली आहेत आणि गंज मुलाम्याच्या खाली पसरतो आहे.

त्रासाची गोष्ट अशी, की हा दोष जोडणीच्या दिवशी काहीच बोलत नाही. सील कॅलिपरच्या खाचेत स्थिर असते आणि पिस्टन त्यातून सरकतो. पॅड झिजलेले असताना पिस्टन बाहेर आलेला असतो, त्यामुळे ठिपक्यांचा भाग सीलच्या पलीकडे, बूटाखाली राहतो. नवे पॅड घातले, की पिस्टन आत ढकलावा लागतो आणि नेमका तोच भाग सीलखाली येतो. माझ्या बाबतीत तोच पिस्टन पुन्हा बसवल्यावर ब्रेक उत्तम लागत होता. पॅड बदलल्यावर चाक हाताने फिरवताना जड लागू लागले आणि पुढे बूटाच्या कडेला ब्रेक ऑइलचा ओलावा दिसला. म्हणजे कॅलिपर पुन्हा उघडणे, पुन्हा नवे सील, पुन्हा ब्रेकच्या नळीतली हवा काढणे. कारच्या नव्या पिस्टनांनी असा त्रास दिलेला नाही. अर्थात कार इमारतीखाली झाकलेल्या जागेत असते, हे त्यांच्या बाजूने मोजावे लागेल.

नवा पिस्टन म्हणजे आपोआप चांगला पिस्टन, असेही मी म्हणणार नाही. ऑपेरा हाउसच्या बाजारात मिळणाऱ्या बिगरकंपनी पिस्टनांचे क्रोम एकसारखे नसते आणि खाचेची कड कधी धारदार राहिलेली असते, जी बसवताना सील कापू शकते. स्टेनलेस स्टीलचा पिस्टन मिळत असेल, तर मुलामा उडण्याचा प्रश्नच राहत नाही.

कोरड्या हवेत, झाकून ठेवलेल्या गाडीला आणि नितळ क्रोम असताना जुना पिस्टन बसवण्यात गैर काही नाही, असे मला वाटते. मुंबईत, विशेषतः समुद्राकाठी राहणाऱ्याने मात्र सील किट घेतानाच पिस्टनचीही किंमत विचारावी. दुकानात जाताना जुना पिस्टन सोबत न्यावा आणि व्यास, उंची व खाचेची रुंदी व्हर्नियरने जुळवून, नव्याच्या कडेवरून बोट फिरवूनच पैसे द्यावेत.