ऋतूंबरोबर बदलणाऱ्या भिंती : तोक्योचे चिहिरो कला संग्रहालय

तोक्योत राहणाऱ्या मराठी आईवडिलांना सुट्टीत मुलांना कुठे न्यावे असा प्रश्न पडला की उएनोचे प्राणिसंग्रहालय, डिस्नेलँड आणि ओदाइबा ही नावे आपोआप पुढे येतात. नेरिमा विभागातल्या शिमो-शाकुजी या निवांत वस्तीतले चिहिरो कला संग्रहालय त्या यादीत सहसा नसते, आणि ज्यांनी ते पाहिले आहे त्यांच्यापैकीही बरेच जण एका भेटीत ‘झाले पाहून’ म्हणून मोकळे होतात. माझ्या मते ही जागा एका भेटीत पाहून संपवण्याची नाही. वर्षाच्या चार ऋतूंत, दर वेळी तास-दीड तास काढून ती पाहावी, कारण इथल्या भिंतींवरची चित्रे आणि बाहेरची बाग दोन्ही ऋतूंबरोबर बदलत जातात.

चिहिरो इवासाकी (१९१८–१९७४) या जपानच्या लाडक्या बालचित्रकार. आयुष्याची शेवटची बावीस वर्षे त्या ज्या घरात राहिल्या आणि चित्रे काढत राहिल्या, त्याच जागेवर १९७७ साली हे संग्रहालय उभे राहिले. चित्रपुस्तकांना वाहिलेले जगातले पहिले संग्रहालय म्हणून ते ओळखले जाते. वास्तुकार हिरोशी नाइतो यांनी आखलेली आजची इमारत २००२ सालची आहे. मराठी वाचकाला चिहिरो हे नाव परके वाटेल, पण ‘तोत्तोचान’ परके नाही. चेतना सरदेशमुख-गोसावी यांच्या अनुवादातून आपल्याकडच्या घराघरांत आणि शिक्षक-पालकांच्या बैठकांत पोहोचलेल्या त्या पुस्तकाच्या मूळ जपानी आवृत्तीत (१९८१) मुखपृष्ठावर आणि आत जी चित्रे आहेत, ती चिहिरो यांचीच. गंमत अशी की ती त्या पुस्तकासाठी काढलेलीच नव्हती. पुस्तक आले तेव्हा चिहिरो यांना जाऊन सात वर्षे झाली होती. लेखिका तेत्सुको कुरोयानागी यांनी त्यांच्या चित्रसंग्रहातून आपल्या कथेला शोभतील अशी चित्रे निवडली. पुढे कुरोयानागी या संग्रहालयाच्या संचालकही झाल्या.

आत शिरल्यावर प्रथम जाणवते ती चित्रांची उंची. जमिनीपासून सुमारे १३५ सेंटिमीटरवर चौकटीचा मध्य येईल अशा बेताने ती लावलेली आहेत, म्हणजे मोठ्यांसाठीच्या कलादालनांपेक्षा बरीच खाली. मुलाला कडेवर घेऊन ‘ते बघ, ते बघ’ करावे लागत नाही. वाकावे लागलेच तर ते आपल्याला. दालने मोजकी आणि लहान आहेत, प्रकाश मंद आहे. जलरंगातली चित्रे प्रकाशाने फिकट होतात, म्हणून ती फार काळ टांगून ठेवता येत नाहीत आणि वर्षातून काही वेळा प्रदर्शन बदलावे लागते. कागदाच्या नाजूकपणामुळे आलेली ही अडचण पाहणाऱ्याच्या पथ्यावर पडते, कारण दर खेपेला भिंतीवर काही नवे सापडते. चिहिरो यांची नऊ हजारांहून अधिक चित्रे संग्रही आहेत. शिवाय अमेरिकेचे एरिक कार्ल, झेक चित्रकार क्वेता पात्सोव्स्का अशा देशोदेशींच्या चित्रकारांची कामेही आळीपाळीने दालनात येतात.

ऋतू हा या चित्रांचा पोशाख नाही, तो त्यांचा विषयच आहे. १९६३ पासून अखेरपर्यंत चिहिरो यांनी ‘कोदोमो नो शिआवासे’ या मासिकाची मुखपृष्ठे केली. विषयाचे बंधन एकच होते, ते म्हणजे मूल. महिन्यामागून महिने काढलेल्या त्या मुखपृष्ठांत ट्युलिप, सूर्यफुले, गळती पाने आणि बर्फ येत गेले. पण मला सर्वांत श्रेष्ठ वाटते ते १९६८ चे पावसाळी दिवसाचे चित्रपुस्तक. आई बाहेर गेली आहे, मुलगी घरात एकटी आहे, बाहेर पाऊस लागला आहे, एवढीच गोष्ट. फोन वाजतो तेव्हा ती पडद्याआड लपते. चेहऱ्यावर भीती रंगवलेली नाही. ओल्या कागदावर पसरत गेलेला रंग आणि सोडून दिलेली कोरी जागा यांतून ती भीती आपल्यापर्यंत येते. शब्द इतके थोडे आहेत की लहान मूल चित्रांवरूनच गोष्ट सांगू लागते. म्हणूनच जपानचा पावसाळा, म्हणजे जून ते जुलैचा मध्य, हा इथे येण्याचा मला सर्वांत आवडता काळ आहे. बाग ओली असते, गर्दी कमी असते, आणि जूनच्या पावसाशी ज्यांचे बालपण बांधलेले आहे अशा आपल्यासारख्यांना त्या मुलीची खिडकी लगेच ओळखीची वाटते. ते पुस्तक भिंतीवर नसले तरी वाचनकक्षात मागून पाहता येते.

हिवाळ्यासाठी तसेच १९७३ चे बर्फाच्या दिवसाचे पुस्तक आहे. मैत्रिणीच्या वाढदिवसाला मेणबत्त्या चुकून आपणच विझवल्याने ओशाळलेली मुलगी आपल्या वाढदिवसाला फक्त बर्फ मागते. त्यातली लाल लोकरी टोपीतली मुलगी जपानभर दिनदर्शिकांवर आणि शुभेच्छापत्रांवर दिसते. तान्ह्या बाळांची चित्रे मात्र कोणत्याही ऋतूत थांबून पाहावीत. समोर मूल न बसवता दहा महिन्यांचे आणि वर्षाचे बाळ वेगवेगळे ओळखू येईल असे चितारण्याचे चिहिरो यांचे कसब प्रसिद्ध आहे, आणि ज्या घरात अलीकडेच बाळ वाढले आहे त्यांना त्याची खात्री लगेच पटते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत, विशेषतः दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीची आठवण जागवणाऱ्या ऑगस्टमध्ये, एक गोष्ट ध्यानात ठेवावी. चिहिरो यांचे घर मे १९४५ मधल्या हवाई हल्ल्यात जळाले होते, आणि व्हिएतनाम युद्धाच्या काळात त्यांनी युद्धात सापडलेल्या मुलांवर एक चित्रपुस्तक केले. त्या चित्रांत रक्त किंवा शस्त्रे नाहीत, पण मुलांचे डोळे फार बोलतात. ती लावलेली असतील तेव्हा चार-पाच वर्षांच्या मुलाला तिथे नेऊ नये असे मी म्हणणार नाही. मात्र प्रश्न येतील, आणि उत्तरे आपल्याला द्यावी लागतील.

काही भिंतींवर मूळ चित्रांऐवजी अतिशय बारकाईने केलेल्या डिजिटल प्रती असतात. चित्रे जपण्यासाठी हा उपाय रास्त आहे आणि तशी नोंदही केलेली असते, तरी कागदावर रंग कसा झिरपला हे डोळ्यांनी पाहण्यासाठीच जे येतात त्यांनी प्रदर्शनाची माहिती आधी वाचून घ्यावी. सुमारे तीन हजार पुस्तकांचा वाचनकक्ष जवळजवळ सगळा जपानीच आहे. परंतु लहान मुलांची पुस्तके हिरागाना या सोप्या जपानी लिपीत छापलेली असल्याने नुकतीच लिपी शिकलेल्या पालकालाही ती मोठ्याने वाचता येतात. पाठ्यपुस्तकापेक्षा हा सराव कितीतरी चांगला. चिहिरो यांची कामाची खोली जशीच्या तशी मांडून ठेवली आहे. मुले तिच्यापाशी फार रेंगाळत नाहीत, मोठे रेंगाळतात.

भारतीयांची मोठी वस्ती असलेल्या निशी-कासाई परिसरातल्या कुटुंबांना जाणे अवघड नाही. तोझाई मार्गाने ताकादानोबाबा गाठावे, तिथे सेइबू शिंजुकू मार्गाची लोकल धरावी आणि कामी-इगुसाला उतरावे. जलद गाड्या तिथे थांबत नाहीत. स्थानकाबाहेर गुंडाम या कार्टूनमधल्या महाकाय यंत्रमानवाचा पुतळा आहे, त्याच्याशी फोटो झाल्याशिवाय मुले पुढे हलत नाहीत हे गृहीत धरून निघावे. तिथून सात-आठ मिनिटांची चाल. मोठ्यांचे तिकीट हजार-बाराशे येनच्या घरात आहे, शाळकरी मुलांना ते लागत नाही. सोमवारी साधारणपणे सुट्टी असते, हिवाळ्यातही काही काळ दारे बंद असतात, तेव्हा वेळापत्रक पाहूनच जावे. मेच्या सुरुवातीच्या जोडसुट्ट्यांत आणि ५ मेच्या बालदिनाला गर्दी असते.

ज्यांना एवढ्याने समाधान होत नाही त्यांनी नागानो प्रांतातल्या मात्सुकावा गावी असलेले, १९९७ साली सुरू झालेले दुसरे संग्रहालय पाहावे. तेही नाइतो यांचेच काम. सभोवती विस्तीर्ण उद्यान, समोर पर्वतरांग, आणि २०१६ पासून तोत्तोचानच्या रेल्वेच्या डब्यांत भरणाऱ्या शाळेची आठवण देणारे दोन जुने डबे, ज्यांत मुलांना बसता येते. डिसेंबर ते फेब्रुवारी ते बंद असते. मे किंवा ऑक्टोबर उत्तम. तोक्योहून एका दिवसात परत येता येईल, पण लहान मुले बरोबर असतील तर मात्सुमोतोला एक मुक्काम करणेच शहाणपणाचे.