एमजीबी जीटीचा हीटर : एक हिवाळा काढल्यावर

ऑक्टोबरात हीटर खोलला, आता एप्रिल संपत आला. मधल्या सहा महिन्यांत गाडी आठवड्यातून दोनदा तरी बाहेर निघाली. शेफील्डहून मँचेस्टरकडे जाणारा स्नेक पास चार वेळा ओलांडला, त्यातला एकदा गारांच्या माऱ्यात. तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

गाडी १९७२ ची एमजीबी जीटी, जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स कार. घेतली तेव्हा विकणारा म्हणाला होता, "हीटर चालतो." चालत होता, म्हणजे आवाज करत होता. बटण दाबलं की पिठाच्या गिरणीसारखी घरघर आणि पायावर गार फुंकर. पहिला हिवाळा बायकोने मांडीवर सोलापुरी चादर घेऊन काढला.

पहिली चूक माझीच. हवा कमी येते, म्हणजे मोटर गेली असं धरून चाललो आणि ७५ पौंडांची नवी मोटर मागवली. ती हीटरचा डबा न काढता पुढूनच बसते, त्यामुळे मोह झाला. बसवल्यावर गार हवा जोरात यायला लागली, एवढाच फरक.

सांगलीत बाबांनी वीस वर्षं अँबॅसिडर टॅक्सी चालवली. व्हिडिओ कॉलवर बॉनेट उघडून दाखवलं तर म्हणाले, "अरे, हे तर आपल्या इंजिनाचं भावंड दिसतंय." खरंच आहे. अँबॅसिडरचं १४८९ सीसी आणि माझं १७९८ सीसी, दोन्ही बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, या कंपनीच्या बी-सिरीज इंजिनांमधली. मग विचारलं, "पाइपांना हात लावून बघितलास का?" नव्हता बघितला.

इंजिन पंधरा मिनिटं चालवलं, नॉब पूर्ण गरमवर. हेडच्या, म्हणजे इंजिनाच्या वरच्या भागाच्या, मागच्या बाजूला हीटरला गरम पाणी सोडणारा कॉक आहे. तिथून निघणारा होज धरवत नव्हता, आणि हीटरमधून परत येणारा पाइप तान्ह्या बाळाच्या अंघोळीच्या पाण्याइतकाही गरम नव्हता. म्हणजे हीटरच्या पोटातला छोटा रेडिएटर, ज्याला इकडे मॅट्रिक्स म्हणतात, तो तुंबलेला. शिवाय इंजिनाच्या तापमानाचा काटाही कधी नीट वर चढायचा नाही. इंजिन ठरावीक तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारा थर्मोस्टॅट काढून पाहिला तर त्यावर ७४ अंशांचा शिक्का. गरम मुलखातला थर्मोस्टॅट यॉर्कशरच्या थंडीत! तिथे ८८ चा घातला.

डबा बाहेर काढणं हे मात्र खरं दुखणं. इकडचे लोक म्हणतात, कारखान्यात आधी हीटर टांगायचे आणि मग त्याभोवती गाडी बांधायचे. माझा शनिवार अख्खा गेला आणि रविवारची सकाळही. बॉनेट उतरवलं. स्क्रू निघाले तरी डबा हलेना, कारण पन्नास वर्षांचं जुनं पॅकिंग पत्र्याला चिकटून बसलेलं. शेवटी बोथट सुरी फिरवून सोडवला.

समोरच्या झाकणाच्या क्लिपा काढल्या आणि खरा रोग दिसला. मॅट्रिक्सच्या कडेने जो स्पंज असतो त्याचा नुसता भुगा उरला होता, बोटाने दाबला की शेवेसारखा चुरा. स्पंज गेला की हवा गरम जाळीतून न जाता बाजूच्या फटीतून निसटते. म्हणजे मॅट्रिक्स साफ करून तसाच परत बसवला असता तरी निम्मी हवा गारच आली असती. नळी लावून उलट्या दिशेने पाणी सोडलं, तर कुळथाच्या कढणासारखा गाळ बादलीभर निघाला. गाळ गेल्यावर एका सांध्यातून थेंब यायला लागले, म्हणून मॅट्रिक्स रेडिएटरवाल्याकडून नव्या जाळीचा करून घेतला, ९० पौंड. चिकटपट्टीचा नवा स्पंज १२ पौंडांचा. माझ्या मते पैसा वसूल झाला तो या बारांत.

बसवल्यावर पहिल्या फेरीत पुन्हा गार! छातीत धस्स झालं. पण आत हवा अडकली होती. गाडीचं नाक उतारावर वर करून, परतीच्या पाइपची क्लिप सैल करून, पाणी सलग येईपर्यंत थांबलो. मग लागली धग.

मोजलं ते सांगतो. बाहेर ४ अंश असताना पूर्वी पायाशी १७ अंशांची हवा यायची, आता ४८. काच तीनेक मिनिटांत साफ होते. कोपरे अजून फडक्यानेच. वेग ताशी साठ-सत्तर किलोमीटरच्या वर गेला की पंखा बंद केला तरी चालतं, वाऱ्याच्या रेट्यानेच हवा आत येते.

तक्रारीही आहेत. या कामात कॉकही नवा घातला होता, तो पाचव्या आठवड्यात दांड्यापाशी गळायला लागला आणि इंजिनाच्या ब्लॉकवर निळ्या कूलंटचे, म्हणजे इंजिनातल्या पाण्याचे, ओघळ आले. विकणाऱ्याने बदलून दिला, पण तीन आठवडे लावले. ऐन डिसेंबरात तेवढे दिवस हेडवर पत्र्याची पट्टी ठोकून, हीटर बंद ठेवून गाडी चालवली आणि चादर परत आली. दुसरा कॉक अजून कोरडा आहे. दर महिन्याला टिश्यू फिरवून बघतो.

जानेवारीत डाव्या बाजूचा गालिचा ओला झाला तेव्हा वाटलं, मॅट्रिक्स गेला. पण पाण्याला निळा रंग नव्हता. काचेपुढच्या जाळीखाली पावसाचं पाणी काढणारी नळी असते, ती पानांनी बुजली होती. तार घालून मोकळी केली. हीटर फोडायच्या आधी हे बघा.

ट्रॅफिकमध्ये गाडी उभी राहिली की धग उतरते, पाण्याच्या पंपाचा वेग कमी पडतो. आतलीच हवा फिरवायची सोय नाही, त्यामुळे पुढे जुनी डिझेल लॉरी असली की तिचा धूर आपल्याच पायाशी. आणि कॉक पूर्ण बंद केला तरी डबा थोडा तापतोच. जीटीची काच मोठी, जूनमध्ये भट्टी होणार हे दिसतंच आहे. गर्दीत इंजिनाचा काटा चढला तर उलट हीटर चालू करून गरमी आत घ्यायची. उन्हाळ्यात यावरून घरी वाद होणार.

जुनी मोटर परवा बॅटरीला लावून बघितली. मस्त फिरते. कुणाला हवी असेल तर टपालखर्चात घेऊन जा.