आठ महिने ऑनलाइन थेरपी: माझा अनुभव

रात्री तीनला जाग यायची आणि चार जिने चढून आल्यासारखी छाती धडधडायची. बाबांना जाऊन दीड वर्ष झालं होतं. बँकेतलं काम, मुलाची दहावी, सासूबाईंची औषधं, सगळं वेळच्या वेळी चाललं होतं आणि तरीही हे होत होतं. साताऱ्यात कुठल्याही दवाखान्यात गेलं तरी ओळखीचं कुणीतरी बाकावर बसलेलं असतंच. म्हणून 42व्या वर्षी ऑनलाइन थेरपी सुरू केली. आतापर्यंत 24 सेशन झाली.

सुरुवात चुकली. एका अ‍ॅपवर सवलत दिसली म्हणून सहा सेशनचं पॅकेज एकदम घेतलं. तिसऱ्या सेशनला कळलं की जमत नाहीये. उरलेले पैसे बुडाले. थेरपिस्ट चांगली होती, पण हिंदी-इंग्रजीत बोलायची. ‘कैसा लगा?’ म्हणून विचारायची. मी ‘बुरा लगा’ म्हणायचे आणि पुढे शब्दच सुचायचे नाहीत.

मग पुण्यातल्या एक क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मिळाल्या, मराठी बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी मी म्हणाले, “जिवाला सारखा घोर लागलेला असतो.” त्यांनी विचारलं, “कुठे जाणवतो हा घोर?” माझा हात आपोआप गळ्याखाली गेला. त्या काहीच बोलेनात. मला वाटलं नेटवर्क गेलं. “हॅलो, आवाज येतोय का?” “येतोय. सावकाश बोला, घाई नाही.” त्यानंतर मी दहा मिनिटं नुसती रडत होते आणि त्या समोर बसून होत्या. स्क्रीनवरून कुणी असं सोबत बसू शकतं यावर माझा तोवर विश्वास नव्हता.

नव्याने सुरू करणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं आहे की भाषा आधी बघा, बाकीचं नंतर. आणि नोंदणी विचारा. ‘काउन्सेलर’ अशी पाटी कुणीही लावू शकतं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. तो नंबर मागायला संकोच करू नका, चांगली माणसं लगेच देतात.

पहिलं सेशन बरंचसं माहिती घेण्यात जातं. घरी कोण आहे, झोप कशी आहे, आधी काही उपचार झालेत का. एक प्रश्नावलीही भरून घेतात. नैराश्यासाठीच्या पीएचक्यू-9 मध्ये मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे नऊ प्रश्न असतात आणि गुण 27 पैकी, जितके जास्त तितका त्रास जास्त. माझे 16 आले होते, गेल्या महिन्यात 6. घरचा पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा फोन नंबरही घेतात. मला ते खटकलं होतं. पण त्या दुसऱ्या गावात, मी इथे, काही बरंवाईट झालं तर मदत पाठवायची कुठे? एरवी आपलं बोलणं गोपनीय राहतं, 2017च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेच तो हक्क दिलाय. न्यायालयाचा आदेश किंवा जिवाला धोका असे मोजकेच अपवाद. आणि असा धोका वाटत असेल तर पुढच्या सेशनची वाट बघू नका. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर चोवीस तास सुरू असतो, मोफत आहे आणि मराठीतही बोलता येतं.

दोन-तीन सेशनमध्ये हलकं वाटेल अशी आशा धरू नका. मला पाचव्या-सहाव्यानंतर उलट जास्त त्रास झाला, कारण दाबून ठेवलेलं वर यायला लागलं. फरक पडला तो वहीमुळे. घटना, मनात आलेला विचार, भावना, असे तीन रकाने रोज भरायचे. एकदा मी लिहिलं, ‘बाबा गेले त्या दिवशी मी रजा घ्यायलाच हवी होती.’ बाईंनी वही कॅमेऱ्यासमोर धरायला सांगितली आणि म्हणाल्या, “त्यातला ‘च’ काढून पुन्हा वाचा.” ‘घ्यायला हवी होती.’ दुःख तेच राहिलं, पण गळ्याभोवतीचा फास सैल झाला. विचारातला हट्ट ओळखून तो सैल करायची ही अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची पद्धत, विवेकनिष्ठ मानसोपचार. 1955 साली त्यांनी ती मांडली, आणि कि. मो. फडके यांनी मराठीत रुजवली. आता बँकेतही कुणी ‘झालंच पाहिजे’ म्हटलं की माझा कान त्या ‘च’वर जातो.

झोप सुधारेना तेव्हा बाईंनी गावातल्याच मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं, कारण सायकॉलॉजिस्ट औषधं देत नाहीत. त्या डॉक्टरांनी आधी थायरॉइड आणि बी-12 तपासलं, मग एक गोळी दिली. आता त्यांच्याच सल्ल्याने डोस कमी होतोय. ज्या दवाखान्याची पायरी टाळत होते, तीही अशी चढून झाली.

सेशनचे 1200 रुपये, 50 मिनिटं. आयत्या वेळी रद्द केलं तरी पैसे जातात. पहिले तीन महिने दर आठवड्याला, आता पंधरा दिवसांनी. खर्च जाणवतो.

सगळ्यात अवघड गेली ती जागा. दोन खोल्यांच्या घरात एकांत आणायचा कुठून? सुरुवातीची सेशन मी अजिंक्यताऱ्याच्या पायथ्याशी गाडी लावून घेतली. पावसात काचा धुरकट व्हायच्या, ते बरं वाटायचं, बाहेरून कुणी बघेल ही धास्ती नसायची. सासूबाईंना ऑफिसची मीटिंग सांगायचे. दिवाळीनंतर खरं सांगून टाकलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तुझे सासरे गेले तेव्हा मी सहा महिने जेवले नव्हते धड. कुणाला सांगायचं, कळलंच नाही.”

आता गुरुवारी साडेसातला मी आतल्या खोलीत बसते. त्या स्वतःच उठून टीव्ही बंद करतात आणि माळ घेऊन गॅलरीत जातात.