मायकोरायझा आणि कमी स्फुरदाचं द्रावण : जंभेरीच्या रोपांवरचा हंगामभराचा अनुभव

वरूड-मोर्शीकडच्या रोपवाटिकांमध्ये मायकोरायझाबद्दल (मुळांत राहून झाडाला स्फुरद, म्हणजे फॉस्फरस, पुरवणारी आणि बदल्यात साखर घेणारी बुरशी; ती पावडरीत मिळते) दोनच मतं ऐकू येतात: "एकदम भारी", नाहीतर "पैसे पाण्यात". शेडनेटमधल्या जंभेरीवर (संत्र्याचं कलम ज्यावर बांधतात तो खुंट) हंगामभर वापरून माझं मत असं, की पावडरीला नावं ठेवण्याआधी टाकीत काय कालवता ते बघा.

19:19:19 हे नत्र-स्फुरद-पालाशाचं विद्राव्य खत लिटरला 2 ग्रॅम सोडलं तर स्फुरद जातो सुमारे 166 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम). मातीविना रोपं वाढवायच्या पूर्ण ताकदीच्या होगलँड द्रावणातही तो 31च असतो. आयता स्फुरद मिळाला की झाड बुरशीला मुळांमध्ये थारा देत नाही. आपली साखर फुकट कोण वाटेल? तरी माझ्या पाकिटावर "सोबत 19:19:19 द्यावे" असंच छापलेलं!

मी स्फुरद तेवढा कमी केला, बाकी होगलँडप्रमाणे. 0:52:34 (स्फुरद-पालाशाचं खत) चे साडेबारा ग्रॅम लिटरभर पाण्यात विरघळवायचे, त्यातले 100 मिली 100 लिटरच्या टाकीत. स्फुरद 3 पीपीएमच्या आत राहतो. त्यामुळे घटलेलं पालाश (पोटॅशियम) 0:0:50 ने, म्हणजे सल्फेट ऑफ पोटॅशने भरायचं, 100 लिटरला साधारण साडेआठ ग्रॅम. नाहीतर फरक स्फुरदाचा की पालाशाचा, ते कळत नाही. कॅल्शियम नायट्रेटचं तीव्र द्रावण वेगळ्या कॅनमध्ये. सल्फेट-फॉस्फेटशी गाठ पडली की तळाला पांढरा साका.

खरी डोकेदुखी बोअरच्या पाण्याची. सामू (पीएच) आठच्या वर, आणि तो उतरवायला आपल्याकडे सर्रास फॉस्फोरिक ॲसिड टाकतात. झालं, काटकसरीनं मोजलेल्या स्फुरदावर पाणी! नायट्रिक घ्या, त्यातलं नत्र हिशेबात धरा. लोह विरघळलेलं ठेवणाऱ्या चिलेटांपैकी ईडीडीएचएचं महाग पडतं, पण ईडीटीएचं चढ्या सामूत टिकत नाही, शेंडे पिवळे पडतात.

तुलनेच्या पिशव्यांनाही तीच पावडर दिली, पण कुकरमध्ये शिजवून, बुरशी मारून. म्हणजे पावडरीतल्या खताचा फायदा दोन्हीकडे सारखा.

सुरुवातीला कमी स्फुरदाची रोपं बारकीच दिसली. कामावरच्या मावशी म्हणाल्या, "भाऊ, या रोपायले उपाशी ठेवता का?" पुढे जिवंत पावडरीची रोपं उचलली, शिजवलेल्या पावडरीची खुरटलेलीच राहिली. 19:19:19 च्या रांगेत मात्र दोन्ही सारखीच. मुळं कॉस्टिक पोटॅशमध्ये उकळून, धुऊन, व्हिनेगरात कालवलेल्या पेनच्या काळ्या शाईत रंगवली. शाळेच्या सूक्ष्मदर्शकाखाली पेशीपेशीत बुरशीची इवली झुडपं दिसली.

खुंटाच्या रोपांना पुढेही हेच देणार. मिरची-टोमॅटोच्या ट्रेला नाही. बुरशी जम बसवेपर्यंत ती रोपं गिऱ्हाइकाच्या गाडीत असतात.