शेल की सॉलिड? दाबाखालच्या पाइपचं मॉडेल

संगणकावर पाइपचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडून ताण काढायचा, तर तुकडे दोन प्रकारचे: शेल म्हणजे जाडी फक्त आकड्यात दिलेला पत्रा, सॉलिड म्हणजे खरी जाडी असलेला ठोकळा. नाशिकच्या सातपूर-अंबडच्या फॅब्रिकेशन शॉपमधला नेहमीचा पाइप घ्या: 8 इंची, शेड्यूल 40, बाहेरचा व्यास 219.1 मिमी, जाडी 8.18. आत 40 बार दाब. मध्यपृष्ठावर (जाडीच्या मधोमध) शेल एलिमेंट लावले तर परिघी ताण 51.6 एमपीए, सॉलिडमध्ये आतल्या कडेलाही तेवढाच. मग सरळ पाइपसाठी सॉलिडची मेश (तुकड्यांची जाळी) कशाला कुटत बसायची?

नोझलच्या (पाइपला जोडलेल्या आखूड नळीच्या) वेल्डपाशी मात्र शेल आंधळं. त्यात फिलेटच (कोपऱ्यात भरलेला वेल्ड) नसतो. तिथं सॉलिडच, जाडीत क्वाड्रॅटिक (कडांच्या मधेही बिंदू असलेल्या) एलिमेंटचे दोन-तीन थर. साध्या लिनिअर (फक्त कोपऱ्यांवर बिंदू असलेल्या) एलिमेंटचा एकच थर दिलात, तर वाकण्याचा ताण चुकलाच म्हणून समजा.

दोन्हीकडे हमखास राहतो तो टोकाच्या झाकणाचा लोड, म्हणजे बंद टोकावर आतल्या दाबाने येणारा जोर: इथं 129 किलोन्यूटन. टोक मोकळं सोडून तो विसरलात तर 24 एमपीए अक्षीय (पाइपच्या लांबीच्या दिशेचा) ताण गायब, आणि ताणाचं रंगीत चित्र तरीही झकास दिसतं.